पदवीचं जेवण आणि तीस पदार्थांचा हट्ट

पदवीच्या जेवणाचा विषय निघाला की आमच्या बेळगाव-निपाणी पट्ट्यात एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘सगळ्यांच्या आवडीचं काहीतरी ठेवूया की.’ वाक्य इतकं समंजस आहे, की त्याला विरोध करणारा एकतर कद्रू ठरतो, नाहीतर हेकट. दोन्ही आरोप आधीच पदरात घेतो आणि सांगतो, की या एका वाक्यानं आमच्याकडच्या चांगल्या जेवणाचं वाटोळं केलंय.

इथं पदव्यांना तोटा नाही. केएलई संस्था १९१६ पासून आहे, जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून, विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय १९९८ पासून बेळगावात आहे, आणि २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ आलं. त्यामुळे पोरगी डॉक्टर झाली, पोरगा इंजिनिअर झाला, नात बी.कॉम. होऊन बँकेत लागली, की हॉल बघितला जातो आणि केटररकडे चक्कर होते. तो प्लॅस्टिकच्या वेष्टनातला एक कागद पुढं सरकवतो. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. वडील माणूस सिल्व्हरवर बोट ठेवतो, केटरर काही बोलत नाही, फक्त थोडा थांबतो. त्या थांबण्याला भिऊन बोट गोल्डवर सरकतं.

मग समारंभाच्या संध्याकाळी काय दिसतं? दाराशी निळ्या रंगाचं सरबत. दोन सूप. पाणीपुरी, पास्ता आणि डोसा यांचे तीन वेगळे ठेले. पनीरच्या दोन भाज्या, एक तांबडी आणि एक पांढरी. कोल्हापुरात कुणाच्या घरी होत नाही ती व्हेज कोल्हापुरी. नूडल्स, जिरा राईस, व्हेज बिर्याणी. गुलाबजाम, त्यावर आईस्क्रीम. आणि अगदी टोकाला, हात धुवायच्या बेसिनशेजारी, बांबूची चटई लावून, पोरांना फेटे बांधून उभा केलेला ‘गावरान काउंटर’: भाकरी, झुणका, ठेचा. सगळ्यात लांब रांग तिथंच असते. आमचंच रोजचं जेवण आमच्याच हॉलमध्ये देखावा होऊन उभं राहतं, आणि ते वाढणारा पोरगा एका बाईला भाकरीऐवजी अर्धी भाकरी देतो, कारण पुरायला हवी.

या बुफेच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं सगळ्यात भक्कम म्हणणं असं. सीमाभागातला पाहुणा एका जातकुळीचा नसतो. यजमान मराठा, त्यांचे सोयरे कागलचे. मुलीचे सर चिकोडीचे लिंगायत. शेजारी दिगंबर जैन. वडिलांबरोबर नोकरी केलेले एक मुसलमान गृहस्थ. मामी खानापूरकडची, तिला माशाशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. आजीला साखरेचा आजार. एवढ्या तऱ्हेच्या माणसांना एक जेवण कसं चालेल? म्हणून तीस पदार्थ. ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं.

युक्तिवाद ऐकायला बिनतोड आहे. आता हीच माणसं त्या हॉलमध्ये सोडून बघा. समारंभ साडेसातचा, भाषणं आटोपून ताटं हातात यायला नऊ. शेजारचे जैन काका-काकू सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. त्यांच्यासाठी तीस काय, साठ पदार्थ ठेवले तरी उपयोग शून्य. त्यांना पदार्थ नको होता, दुपारची वेळ हवी होती. ते येतात, मुलीच्या हातात पाकीट देतात, पाण्याचा घोटही न घेता परत जातात, आणि यजमान मागाहून म्हणतात, ‘जेवलेच नाहीत बघा, एवढं केलेलं.’ चिकोडीचे सर शाकाहारी, पण तव्यावरची कलथी एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना त्यांनी पाहिली आहे, म्हणून ते दहीभात घेऊन कोपऱ्यात उभे. मुसलमान गृहस्थ मांसाहारी ठेल्याकडे बघतात आणि मांस हलाल आहे का, हे विचारायचं अवघड वाटून पनीर घेतात. आजीला पनीर चावत नाही, नूडल्स कळत नाहीत, ती घरी जाऊन भाकरी-दूध खाते. तीस पदार्थांनी नक्की कोणाची सोय झाली?

आता दुसरं चित्र. जेवण दुपारी साडेबाराला. पूर्ण शाकाहारी. पुरी किंवा चपाती, सोबत ज्वारीची कडक भाकरी. भरली वांगी, पलीकडच्या कानडी घरात त्यांनाच एण्णेगायी म्हणतात. मुगाची उसळ, कांदा-लसूण-बटाट्याशिवाय, कारण ती जैन घरालाही चालते. शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी, दही, कोशिंबीर, भात, कटाची आमटी. शेवटी कुंदा. ही यादी मोजली तर दहाबारा होते, आणि वर सांगितलेला एकही माणूस उपाशी उठत नाही. खानापूरची मामी कुरकुरेल. तिनं एक दुपार कुरकुरावं. ज्वारी आहे म्हणून आजीची सोय, मांस नाही म्हणून सरांची आणि त्या गृहस्थांचीही, दिवस आहे म्हणून शेजाऱ्यांची. नाना तऱ्हेच्या माणसांनी शेजारी शेजारी राहायचं कसं, हे या मुलखाच्या स्वयंपाकघरानं आपल्यापुरतं कधीचं सोडवलंय. सोडवलेलं गणित पुसून आपण पुन्हा पहिल्या ओळीपासून मांडतो आणि त्याचे ताटामागे पैसे मोजतो.

‘दोनशे माणसांना भाकरी थापणार कोण?’ हा प्रश्न विचारणारे सहसा कधी भाकरी न थापलेले असतात, पण प्रश्न चुकीचा नाही. गरम भाकरी शंभराच्या वर गेली की चुलीपुढच्या बायका थकतात आणि शेवटच्या पंगतीला कच्ची भाकरी येते. म्हणून तर कडक भाकरी आहे. पापडासारखी पातळ थापून, तव्यावर शेकून पूर्ण वाळवलेली, कित्येक दिवस टिकणारी. उत्तर कर्नाटकात बायकांचे गट ती करून शेकड्यानं विकतात. चार दिवस आधी सांगितलं की हॉलवर थप्प्या येऊन पडतात. समारंभाच्या दिवशी आचाऱ्याला फक्त पुऱ्या तळायच्या. भरल्या वांग्याच्या रश्शात मोडून टाकली की मिनिटभरात ती अशी मऊ होते, की दात नसलेल्या माणसालाही चालावी. लाईव्ह काउंटरवाल्यांना हा पदार्थ माहीतच नाही, कारण त्यात जाळ दिसत नाही.

भटारखान्याची बाजू तर कुणी बघतच नाही. तीस पदार्थ म्हणजे तीस स्वयंपाक नव्हेत. आदल्या रात्री तीन ग्रेव्ही होतात, तांबडी, पांढरी आणि पिवळी, आणि दुसऱ्या दिवशी त्यांतच सगळी नावं बुडवली जातात. पनीर बटर मसाला आणि व्हेज कोल्हापुरी ही सख्खी भावंडं असतात, मिरचीपुरता फरक. भात तर सगळ्यात आधी शिजवून ठेवतात. शिजलेला भात तासन् तास कोमट राहिला की त्यात बॅसिलस सीरियस नावाचा जंतू वाढतो. त्याचे बीजाणू शिजवतानाच्या उकळीलाही दाद देत नाहीत, आणि एकदा त्याचं विष तयार झालं की पुन्हा गरम करूनही ते जात नाही. म्हणून वाढायचं अन्न साठ अंशांच्या वर तापलेलं हवं असतं. स्टीलच्या डब्याखालचा तो निळा दिवा पहिल्या अर्ध्या तासात किती वेळा विझतो, हे कुठल्याही हॉलमध्ये उभं राहून पाहावं. सहा पदार्थ असले तर एक माणूस सहा झाकणांवर लक्ष ठेवू शकतो. तीस झाकणांवर कुणाचंच लक्ष नसतं.

मंचुरियनचं वेगळं सांगायला हवं, कारण माझ्यासारख्यांवर ‘यांना बाहेरचं काही चालत नाही’ असा शिक्का पटकन बसतो. गोबी मंचुरियन कर्नाटकात आता बाहेरचं राहिलेलंच नाही. टिळकवाडीपासून निपाणीच्या बसस्टँडपर्यंत गाड्यागाड्यावर ते आहे, आणि मीही ते उभ्याउभ्या खाल्लेलं आहे. माझी तक्रार त्याच्या जन्मगावाबद्दल नाही. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, तेव्हा तपासलेल्या १७१ नमुन्यांपैकी १०७ असुरक्षित निघाले होते. त्याच वर्षी जूनमध्ये कबाबांतल्या रंगांवरही बंदी आली. त्याआधी गोव्यात म्हापसा नगरपालिकेनं गोबीचे ठेलेच बंद करायला लावले होते, ते मात्र जरा अतीच झालं. मुद्दा असा, की गाडीवर गोबी डोळ्यांसमोर तळला जातो, रंग दिसतो, नको असेल तर पुढं जाता येतं. तोच गोबी प्लॅटिनम यादीतला बाविसावा पदार्थ म्हणून येतो तेव्हा तो कुठं तळला, कशात घोळला, कधी तळला, हे यजमानालाही ठाऊक नसतं. तीस पदार्थांची यादी यजमानाला स्वतःच्याच जेवणात परका करून सोडते.

मग ‘तरुण पोरांना हे चालत नाही’ असं म्हणणारे येतात. कोणत्या पोरांना? चार वर्षं होस्टेलच्या मेसमध्ये बुधवारी आणि रविवारी पनीर खाऊन विटलेल्या पोरांना? परीक्षेच्या काळात रात्री बाराला नूडल्सच्या पुड्या किटलीत शिजवणाऱ्या पोरांना? पदवीच्या दिवशी पुन्हा तेच समोर ठेवायचं आणि वर म्हणायचं, ‘तुमच्यासाठीच ठेवलंय.’ ही पोरं गावरान काउंटरच्या रांगेत सगळ्यांत पुढं असतात. त्यांना विचारलेलंच नसतं, एवढंच.

लष्कराचं उदाहरण आमच्या दाराशी आहे. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. तिथं प्रशिक्षण पुरं करून जवानांची तुकडी बाहेर पडते, तेव्हा संचलन पाहायला साताऱ्या-सांगलीकडचे, कोकणातले आईवडील येतात. तीही पदवीच म्हणायची, आणि आमच्या अनेक पदव्यांपेक्षा घामाची. लष्करात सणासुदीला, मोठ्या प्रसंगी ‘बडा खाना’ होतो: अधिकारी आणि जवान एकत्र बसतात आणि दोघांच्या ताटात एकच अन्न असतं. अख्ख्या देशातून आलेली, नाना चालीरीतींची माणसं तिथं असतात. त्यांच्यासाठी पास्त्याचा ठेला लावत नाहीत. मानपान पदार्थांच्या संख्येत नसून सोबत बसण्यात असतो, हे तिथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आता विरुद्ध बाजूनं येणाऱ्या मंडळींशी दोन शब्द, कारण ते मला आपल्यातला समजतात. त्यांचं म्हणणं, सीमाभागातल्या मराठी घरात मराठीच जेवण व्हावं, कडक रोटी, एण्णेगायी हे कानडी प्रकार कशाला? १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनं आमच्यावर अन्याय केला असं मानणाऱ्यांतला मी आहे. सीमाप्रश्नावरचा १९६७ चा महाजन अहवाल मला मान्य नाही, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या दाव्याकडे मीही डोळे लावून बसलोय. कचेरीतले कागद मराठीत मिळावेत, शाळा मराठी राहाव्यात, यासाठी भांडायलाच हवं. वांग्याशी कशाला भांडायचं? पु. ल. देशपांडे बेळगावात राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते, आणि त्यांनी लिहिलेले रावसाहेब ज्या मराठीत बोलतात, तिच्यातली कानडी काढली तर रावसाहेबच उरत नाहीत. जेवणाचंही तसंच. पुरणपोळी इकडे झाली काय आणि होळिगे तिकडे झाली काय, कट एकाच पातेल्यात निथळतो. आणि ज्याचा आम्हाला एवढा अभिमान, तो बेळगावचा कुंदा राजस्थानातून आलेल्या पुरोहित हलवायांच्या भट्टीवर जन्मला असं सांगतात. दूध आटत राहिलं, तळाला लागता लागता तपकिरी झालं, दाणेदार झालं आणि गावाचं नाव झालं. शुद्धतेच्या हिशेबानं कुंदाही ताटातून काढावा लागेल. बघा जमतंय का.

गोडाचा विषय निघालाच आहे तर केकचं बोलून घेतो. काळ्या टोपीच्या आकाराचा, वर पिवळा गोंडा लावलेला, तीन किलोचा केक हल्ली सक्तीचाच झालाय. सुरी लावून फोटो निघतो, मग ती काळी साखर कुणी खात नाही, कारण जीभ दिवसभर काळी राहते. ज्या गावात कुंदा आहे, आलेपाक आहे, तासाभरावरच्या गोकाकला डिंक-सुकामेव्याचा करदंट आहे, त्या गावानं साखरेची काळी टोपी कापावी, याचं मला हसू येतं. आणि मांडे! बेळगावचे मांडे आम्ही लग्नाच्या रुखवतासाठीच राखून ठेवलेत. उलट्या खापरीवर हातानं फिरवत शेकलेली ती रुमालासारखी पातळ पोळी, आत पिठीसाखर आणि खसखस, गरम असतानाच घडी घालून कडक झालेली. प्रवासात खराब होत नाही. पदवी घेऊन पुण्याला, बंगळूरला निघालेल्या पोरीच्या मैत्रिणींना जाताना हातात द्यायला याहून बरं काय असू शकतं? पण रुखवतातली वस्तू पदवीला कशी, म्हणून कुणाला सुचत नाही. पोरीचं लग्न व्हायची वाट बघत मांडे बसलेत.

मटणाचं काय, हा प्रश्न निपाणीकडून हमखास येतो, आणि कोल्हापूर एवढं जवळ असताना तो यायलाच हवा. मी मटणाच्या विरोधात नाही. तांबडा-पांढरा रस्सा, सुकं, भाकरी, कांदा, लिंबू, भात: हे जेवण माझ्या बाजूनं साक्ष देणारं आहे. एक बोकड, एक मसाला, एक चूल, आणि ताटात गोंधळ नाही. सगळे पाहुणे मटण खाणारे असतील तर खुशाल तेवढंच करावं, सोबत पनीरची लाज झाकायची गरज नाही. पाहुणे मिश्र असतील तर दोन वेळा कराव्यात. दुपारी सगळ्यांचं शाकाहारी, आणि वार बघून दुसऱ्या दिवशी मित्रमंडळींना रानात मटण. निकाल बऱ्याचदा आषाढ-श्रावणाच्या तोंडावर लागतात, तेव्हा कॅलेंडर आधी बघावं, नाहीतर सोमवार निघतो आणि निम्मे पाहुणे पांढऱ्या रश्शाकडे बघत ताक पितात. एकाच मांडवात दोन्ही कोंबण्याचा हट्ट मात्र नको. त्यानं मटण खाणाराही चोरून खातो आणि न खाणाराही अवघडून जेवतो.

राहता राहिली इभ्रत. खरं कारण हेच असतं, बाकी सगळी त्याची वस्त्रं. ‘लोक काय म्हणतील, पोरगी इंजिनिअर झाली आणि वांगं-भाकरी घातली?’ निपाणीत हा प्रश्न जास्त टोचतो, कारण तिथल्या कितीतरी पदव्यांचे पैसे विडीच्या सुपातून आलेत. विडीची मजुरी हजारावर मोजतात. आईनं तेंदूची पानं कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून हजारामागून हजार विड्या बांधल्या, तेव्हा पोरगं शिकलं. त्यातली काही पोरं रोज राज्याची हद्द ओलांडून अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात गेली. घर कर्नाटकात, कॉलेज कागल तालुक्यात आणि पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची. अशा घराला आपण साधे होतो हे आज दिसू नये असं वाटणं मला कळतं. त्याला मी हसणार नाही. पण बुफेच्या त्या हॉलमध्ये या आईचं काय होतं ते बघा. नव्या साडीचा पदर एका हातात, दुसऱ्या हातात जड चिनी मातीची बशी, आणि रांगेत पुढं सरकत प्रत्येक झाकण उचलून ‘हे काय असतंय?’ असं ती हळूच विचारते. तिच्याच घरच्या समारंभात तिला वाढायला कुणी नाही. पंगतीत ती बसली असती आणि पोरानं तिच्या ताटात स्वतः पहिली पुरी वाढली असती. इभ्रत म्हणजे दुसरं काय असतं, ते मला इभ्रतवाल्यांनी समजावून सांगावं.

शिवाय इभ्रतीचा उरलेला भाग रात्री मागच्या दारानं बाहेर जातो. बंगळूरच्या कृषी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी त्या एका शहरातल्या मंगल कार्यालयांचा हिशेब मांडला, तेव्हा वर्षाला वाया जाणारं अन्न ९४३ टन भरलं. बेळगाव म्हणजे बंगळूर नव्हे हे खरं, पण प्लॅटिनमचं कार्ड तिथूनच इकडे आलंय.

शेवटचा आक्षेप मात्र मला मानावा लागतो, आणि तो खुद्द पदवीधराचा. ‘समारंभ माझा आहे, मग माझ्या आवडीचं काय?’ बरोबर आहे. वडिलांनी, मामांनी, केटररनं आणि माझ्यासारख्या लेखकांनी मिळून तिचं ताट ठरवावं हेही बरं नव्हे. म्हणून तिला एक पदार्थ मागू द्यावा. एकच, पण तो तिचा. तिनं गोबी म्हटलं तर गोबी. मात्र मग तो हॉलच्या दाराशी, कढई लावून, बिनरंगाचा, तळता तळता वाढायचा. तिनं बिर्याणी म्हटली तर भात बदलायचा, वर आणखी एक भात ठेवायचा नाही. पाणीपुरी म्हटली तर सरबताची आणि सुपाची जागा पाणीपुरीला. आणि गोल्डवरून सिल्व्हरवर, सिल्व्हरवरून आचाऱ्यावर आल्यानं जे पैसे वाचतील, त्यांचा हिशेब तिच्यासमोर मांडायचा. बंगळूरला किंवा पुण्याला नोकरी लागली की खोलीचं डिपॉझिट आधी मागतात, पहिला पगार महिन्यानंतर येतो. ती रक्कम आणि पास्ता-ठेल्याची रक्कम शेजारी शेजारी लिहून तिच्या हातात कागद द्यावा, आणि यादी तिलाच करू द्यावी.